विजेच्या मोटारीने समुद्रापर्यंत

समुद्राचा आणि नातेपुत्याचा संबंध काय, असे कोणी विचारले तर सरळ उत्तर देता येणार नाही. आपल्याकडे पाणी म्हटले, की डोळ्यांपुढे उभा राहतो तो नीरेचा उजवा कालवा. आणि सागर म्हणावयाचा तर आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते त्या दिवशी रस्त्यावर लोटणारा माणसांचा. माझी थोरली बहीण, आक्का, हिने हा दुसरा सागर सत्तर वेळा पाहिला असेल. खरा समुद्र मात्र शहात्तर वर्षे उलटली तरी तिने पाहिला नव्हता. कारण साधेच होते. तिला गाडी लागते. एस्टीत बसून डिझेलचा वास नाकात गेला, की फलटण येईतो ती अर्धी होते. त्यामुळे वारी पायी, माहेर बैलगाडीने, आणि बाकीचे जग ऐकीव, असा तिचा संसार झाला.

माझ्या भाच्याने, म्हणजे आक्काच्या धाकट्याने, विजेवर चालणारी मोटार घेतली तेव्हा गावात चर्चा झाली ती खर्चाची आणि चेष्टा झाली ती हिरव्या पाटीची. आक्काने मात्र गाडीत बसून एकच प्रश्न विचारला: "अरं, ही चालू हाय का बंद?" गाडी तेव्हा धर्मपुरीच्या पुढे गेली होती. वास नाही, घरघर नाही, पोटात ढवळत नाही. परतल्यावर ती म्हणाली, "आता मला समुद्र दावा." २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही तिघे निघालो. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विजेच्या मोटारीविषयी बोलण्यास सांगितले आहे. मी विज्ञान शिकविणारा मास्तर; परंतु नुसते यंत्र फळ्यावर काढून दाखविण्यापेक्षा या प्रवासाच्या वाटेनेच ते समजावून घ्यावे हे बरे, असे मला वाटते.

प्रथम हिशेबाचे माप ठरवू. आपल्या लाइट बिलात जे 'युनिट' असते, तेच या गाडीचे लिटर. हजार वॅटची शेगडी एक तास जाळली म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आमच्या गाडीच्या तळाशी जी बॅटरी आहे, तिच्यात चाळीस युनिटे मावतात, आणि बेताच्या वेगाने एका युनिटात गाडी सात किलोमीटर जाते. म्हणजे पल्ला दोनशे ऐंशी किलोमीटरांचा. आता एक गंमत पाहा. एक लिटर पेट्रोल जाळले तर त्यातून सुमारे नऊ युनिटांइतकी उष्णता निघते. म्हणजे आमच्या संपूर्ण बॅटरीत जेवढी शक्ती साठविलेली, तेवढी साडेचार लिटर पेट्रोलात, एका लहान कॅनमध्ये, मावते! बॅटरीचे वजन मात्र तीनचार क्विंटलांच्या घरात जाते. मग साडेचार लिटरांच्या शक्तीवर गाडी पावणेतीनशे किलोमीटर जाते कशी? त्याचे असे आहे, की पेट्रोलच्या इंजिनात घातलेल्या शंभर भागांपैकी वीस-पंचवीस भाग चाकापर्यंत पोहोचतात; उरलेले धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जातात. विजेच्या मोटारीत ऐंशीहून अधिक भाग चाकाला मिळतात. साठविण्याच्या बाबतीत पेट्रोल श्रीमंत, आणि वापरण्याच्या बाबतीत वीज काटकसरी.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. ताशी शंभर किलोमीटरांचा वेग ज्या मोटारीने प्रथम ओलांडला, ती विजेची होती. १८९९ साली कामीय जेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने फ्रान्समध्ये ती पळविली. आपल्याकडे १९२५ साली मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धावली, आणि १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी तर विजेवरच ओढली गेली. रुळावर वीज तारेतून पुरविता येते. रस्त्यावर ती बरोबर बांधून न्यावी लागते. शिशाच्या जड बॅटऱ्यांनी तेथेच घोडे अडले होते. लिथियमची बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि ती घडविणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम हा धातूंमध्ये सर्वांत हलका, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आमची वाट फलटण, सातारा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण अशी होती. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. कागदावर बॅटरी पुरते; परंतु कागदावर गाडी चालत नाही. साताऱ्यापासून महामार्गावर भाच्याने वेग वाढविला, तेव्हा सातऐवजी सहाच किलोमीटर मिळू लागले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे मी त्याला नववीत शिकविले होते. त्या दिवशी ते त्याला पटले. कराडला जेवण होईपर्यंत गाडी चार्जरला लावली आणि ऐंशी टक्के भरताच काढली. पूर्ण का भरली नाही? एक तर ऐंशीच्या पुढे बॅटरी वीज सावकाश घेते. भरल्या सभागृहात शेवटच्या माणसांना खुर्ची शोधावयास वेळ लागतो, तसेच ते. दुसरे कारण पुढच्या घाटात होते.

कुंभार्लीच्या माथ्यावर आक्काने डोळे मिटून पदर तोंडाला लावला. घाट म्हटला की ब्रेक, ब्रेक म्हटला की जळका वास, हे तिला ठाऊक. परंतु भाच्याने ब्रेकवर पाय ठेवलाच नाही. नुसता वेगाचा पट्टा सैल सोडला, आणि गाडी आपणच रोखल्यासारखी हळूहळू उतरू लागली. माथ्यावर बॅटरीचा आकडा अठ्ठावन्न होता. खाली आलो तेव्हा तो एकसष्ट झाला होता.

हा आकडा वाढला कसा, हे नीट समजावून घेण्याजोगे आहे. कारण विजेच्या मोटारीचे सारे मर्म त्यात आहे. सायकलच्या डायनामोची आठवण ज्यांना असेल, त्यांनी आठवावे: डायनामो चाकाला टेकविला, की दिवा लागे आणि पायडल जड होई. दिव्यासाठी लागणारी शक्ती पायांतून जात असे. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की चुंबकाजवळ तार हलविली तर तारेत वीज उत्पन्न होते. आणि त्याच्या दहा वर्षे आधी त्यानेच दाखविले होते, की चुंबकाजवळच्या तारेत वीज सोडली तर तार हलते. म्हणजे मोटार आणि डायनामो ही दोन यंत्रे नव्हेत, एकाच यंत्राची ही दोन तोंडे. सपाटीवर बॅटरी मोटारीला फिरविते; उतारावर चाके मोटारीला फिरवितात, मोटार डायनामो बनते, चाके जड होतात म्हणून गाडी रोखली जाते, आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत जाते.

हिशेब करून पाहू. गाडी आणि आम्ही तिघे सामानासह, मिळून वजन अठराशे किलो धरा. घाटाची उंची सहाशे मीटर धरा. वजन, उंची आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला तर उत्तर येते जवळजवळ तीन युनिटे. त्यांपैकी सुमारे एक युनिट टायरांच्या घर्षणात, हवेत आणि गाडीतल्या दिव्यापंख्यात जाते. उरलेल्या दोहोंतला तिसरा हिस्सा मोटारीत आणि तारांत तापून जातो. हाती लागते सव्वा युनिट. चाळीसच्या बॅटरीत हे तीन टक्के होतात. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असती, तर ही वीज ठेवावयास जागाच नसती, आणि भाच्याला नेहमीचे ब्रेकच वापरावे लागले असते. घाटाच्या माथ्यावर गाडी पूर्ण भरून घेण्याची चूक पुष्कळजण करतात.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. तेथे मी गाडी थांबवावयास लावली. आपण ज्या घाटाने उतरलो, त्याच घाटाच्या पोटातून कोयनेचे पाणी उतरते. वर शिवसागर जलाशय, खाली वीजघर, आणि मधे सुमारे पावणेपाचशे मीटरांची उडी. १९६२ साली येथे पहिले जनित्र फिरू लागले. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत, धरणाच्या पायथ्याचे वीजघर धरून, प्रकल्पाची शक्ती १९६० मेगावॅट झाली. माझ्या गाडीने केले तेच हे पाणी करते: उंची सोडते आणि वीज देते. एक घनमीटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरांची पाच पिपे, वरून खाली आली की एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. आमची गाडी तेवढ्यावर सात किलोमीटर जाते. आक्काला हे पिपांच्या भाषेत सांगितले तेव्हा तिने चटकन् विचारले, "मग ते पाणी फुडं कुटं जातं?" वाशिष्ठी नदीत, आणि तेथून समुद्रात, असे मी म्हटले. ती काही बोलली नाही. माण आणि माळशिरस या तालुक्यांतल्या बाईला, कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेला समुद्रात जाते हे ऐकून काय वाटावे, ते मी सांगावयास नको. विजेसाठी पश्चिमेला किती पाणी सोडावयाचे याला पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली आहे, वाद अजूनही मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. परंतु जलविद्युत् फुकट असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रश्न मनात ठेवावा.

चिपळुणाहून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. पोहोचेतो अंधार पडला. त्यामुळे आक्काने समुद्र प्रथम पाहिला नाही, ऐकला. वाळूत चार पावले गेल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "एवढा वेळ कुणाची गिरणी चालू हाय?" सकाळी मात्र ती आमच्या आधी उठून पाण्यापाशी जाऊन बसली होती. तिला काय वाटले ते मी विचारले नाही, विचारावयाचे नसते.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकांनी रात्रभर साध्या पंधरा अँपियरच्या प्लगवर गाडी लावू दिली होती. वेगवान चार्जरवर जे काम तासाभरात होते, त्याला अशा प्लगवर दहा-बारा तास लागतात. परंतु झोपेच्या वेळात ते होऊन जाते. घोड्याला रात्री चंदी घालून बांधावे, तसा हा प्रकार आहे. विजेची गाडी घेणाऱ्याने पेट्रोलपंपाची सवय सोडून तबेल्याची सवय धरली, तर त्याचे निम्मे त्रास कमी होतील.

गुहागरहून दक्षिणेस निघण्यापूर्वी जरा उत्तरेला अंजनवेलच्या बाजूला जाऊन आलो. एन्रॉनचे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांना त्या वायुविद्युत् केंद्राची कथा ठाऊक असेल. प्रकल्पाला नाव दाभोळचे, जागा मात्र खाडीच्या अलीकडे अंजनवेलला. १९९० नंतरच्या दशकात त्यावरून सरकारे बदलली, विजेच्या दरावरून रणे माजली, २००१ साली केंद्र बंद पडले, आणि पुढे २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे ते आले. वाशिष्ठीची खाडी त्याच्याच पायाशी समुद्राला मिळते. म्हणजे पोफळीला वीज देऊन आलेले कोयनेचे पाणी अखेर दुसऱ्या एका वीजघराजवळून समुद्रात शिरते. असा योग भूगोलाच्या पुस्तकात शोधून सापडावयाचा नाही.

पुढे वेळणेश्वर, हेदवी करीत तवसाळच्या धक्क्यावर आलो. समोर शास्त्री नदीचे मुख, पलीकडे जयगड. येथे मोटारी फेरीबोटीने पलीकडे नेतात. भाच्याला धास्ती होती, की खारे पाणी उडाले तर बॅटरीचे काय? ती बंद पेटीत असते आणि तिला पावसापाण्याचे भय नाही. परंतु खाऱ्या वाऱ्याने प्लगच्या टोकांवर गंज चढतो, तेव्हा झाकण उघडे ठेवू नये. बोटीतून दिसला तो एक उंच धुराडा. जयगडला बाराशे मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. आमच्या धूर नसलेल्या गाडीचा धूर तेथे निघत होता.

हा मुद्दा मी टाळणार नाही. आपल्या राज्यातली बहुतांश वीज कोळशाची आहे. आपल्याच जिल्ह्यात सोलापूरजवळ फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे केंद्र आहे. भारतात सरासरी एक युनिट वीज तयार होताना सुमारे सातशे ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. तारांतली गळती आणि चार्ज करतानाची तूट धरली, तर आमच्या गाडीच्या वाट्याला किलोमीटरमागे सुमारे एकशे तीस ग्रॅम येतात. तेवढ्याच आकाराची पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर देते असे धरले, तर तिच्या धुराड्यातूनच एकशे चाळीसच्या वर जातात, आणि तेल काढून शुद्ध करून आपल्यापर्यंत आणण्यातले वेगळे. म्हणजे फायदा आहे. पण जाहिरातीत दाखवितात तेवढा आज नाही. बॅटरी तयार करतानाही कार्बन वायू बाहेर पडतो, म्हणून जो महिन्यातून शंभर किलोमीटर फिरतो, त्याने केवळ हवा स्वच्छ करावयाची म्हणून ही गाडी घेऊ नये. घराच्या गच्चीवर सूर्याची पत्रे बसवून दिवसा गाडी भरणाऱ्याचा हिशेब मात्र पार बदलतो, आणि उन्हाच्या बाबतीत आपला जिल्हा कोकणाला हार जाणारा नाही. शिवाय धूर गावात निघतो की गावाबाहेर, यानेही फरक पडतो. आक्काला त्रास होत होता तो नाकाशी असलेल्या धुराचा.

मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान पाहून, गणपतिपुळ्यावरून आरे-वाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीस आलो. या किनाऱ्याच्या रस्त्याचा स्वभाव आपल्याकडच्या माणसाला नवा वाटतो. दर थोड्या अंतरावर खाडी. खाडीशी उतरावयाचे, पलीकडे पुन्हा शंभर मीटर चढून कातळाच्या सड्यावर जावयाचे, पुन्हा उतरावयाचे. शंभर मीटर चढावयास अर्धे युनिट जास्त लागते आणि उतरताना त्यातले निम्मेच परत येते. सावकार शंभर घेऊन पन्नास परत देतो म्हणून तो उदार ठरत नाही. सातऐवजी सहा-सव्वासहाचाच हिशेब धरावयाचा.

रत्नागिरीस आकडा त्रेसष्ट होता. शहरातल्या चार्जरवर दोन गाड्या आधीच उभ्या होत्या. भाच्याने मोबाइलवर पाहिले. पुढे विजयदुर्गच्या अलीकडे एक चार्जर दाखवीत होता. "मामा, थांबण्यात अर्थ नाही," तो म्हणाला, आणि मीही मान हलविली. येथे आम्ही दोघेही चुकलो. पावस, पूर्णगड, पुढे जैतापूरची खाडी. त्या बाजूला माडबनला ९९०० मेगावॅटच्या अणुवीज प्रकल्पाची योजना आहे आणि तिला तेथल्या लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. हे मी आक्काला सांगत होतो, आणि इकडे सूर्य मावळत होता. त्या चार्जरपाशी पोहोचलो तेव्हा आकडा तेवीस होता, आणि चार्जरचा पडदा काळा. यंत्र मेलेले. पाटीवरच्या क्रमांकावर कोणी उत्तर देईना.

अशा वेळी माणसाच्या मनाचे जे होते, त्याला पल्ल्याची धास्ती म्हणावे. तेवीस टक्क्यांत म्हणजे नऊ युनिटांत पंचावन्न किलोमीटर गेलो असतो. देवगड तीसेकच. परंतु तेथला चार्जरही असाच निघाला तर? रात्री, शहात्तर वर्षांच्या बाईला घेऊन? आमची दोघांची कुजबूज चालली असता आक्का मागून म्हणाली, "हितं मानसं ऱ्हात्यात न्हवं? मग इचारा की."

मला तेव्हा बर्था बेंझची आठवण झाली. १८८८ च्या ऑगस्टात ही बाई नवऱ्याने तयार केलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर, निघाली. जगातला हा पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेत इंधन संपत आले. पेट्रोलपंप ही वस्तू जगात नव्हती. तिने व्हिसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढावयाचे द्रावण विकत घेतले आणि गाडी पुढे नेली. पेट्रोलचीही सुरुवात अशी मागूनमिळवूनच झाली.

आम्ही आंब्याची कलमे असलेल्या एका घरापाशी थांबलो. घरधनी वयस्क. त्यांनी सगळे ऐकून घेतले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि पंपाच्या खोलीतला प्लग दाखविला. गाडी लावली. लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल. प्लगात वीज होती, त्यावर त्यांचा पंप फिरत होता. मग गाडी घेईना का? भाचा हवालदिल झाला. मला मात्र पाटीवरची खूण ओळखू आली. गाडी म्हणत होती, की येथे अर्थिंग नाही.

पंपाला चालते ते गाडीला का चालू नये? मोटार उभी असते रबरी चाकांवर, जमिनीपासून तुटलेली. आत कोठे बिघाड होऊन वीज पत्र्यावर उतरली, तर ती तेथेच थांबून राहील. आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस पत्र्याला हात लावील, त्या क्षणी त्याच्या अंगातून जमिनीत जाईल. म्हणून पत्र्यापासून जमिनीपर्यंत एक तिसरी तार लागते, जिच्यातून ही चुकार वीज माणसाला न शिवता निघून जावी. ती तार खरोखर जमिनीला पोहोचली आहे की नाही, हे चार्जर आधी तपासतो, आणि नसेल तर सरळ नकार देतो. आपल्याकडे कित्येक घरांत तीन भोकांचा प्लग असतो आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसते. या घरी खड्डा होता, पट्टी पुरलेली होती. पण कोकणातला कातळ जांभ्याचा. पावसाळ्यात चिंब, आणि फेब्रुवारीत कोरडा ठणठणीत. कोरडा दगड वीज वाहून नेत नाही.

घरधनी आत गेले, मूठभर खडे मीठ घेऊन आले, खड्ड्यावर टाकले आणि दोन बादल्या पाणी ओतले. आम्ही पाच मिनिटे गप्प उभे राहिलो. पुन्हा प्लग लावला. हिरवा दिवा लागला. आक्का ओटीवरून म्हणाली, "पानी पाजल्याबिगर जमीन बी काम करत न्हाई."

रात्री साडेनऊपासून पहाटे पाचपर्यंत गाडी तेथे होती. निघताना घरधन्यांनी पैशांची भीड धरली नाही, याचे मला बरे वाटले. त्यांनी मीटरचा आधीचा आकडा कागदावर टिपून ठेवला होता. वजाबाकी केली, बावीस युनिटे झाली, आपल्या बिलातल्या दराने गुणिले, आणि तेवढेच घेतले. आक्काने दिलेली डाळिंबे मात्र हिशेबाबाहेर ठेवून घेतली. त्या बावीस युनिटांपैकी गाडीत भरली एकोणीस. तीन कोठे गेली? घराची वीज उलटसुलट वाहणारी असते, बॅटरीची एकाच दिशेने. हा पालट करताना आणि तारा तापताना एवढी वाट लागते. चार्जिंगचा खर्च काढताना हे तीन युनिट विसरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

विजयदुर्ग पाहून, देवगडच्या पवनचक्क्या आक्काला दाखवून ("वाऱ्याची बी गिरणी हाय का?"), आम्ही महामार्गाला लागलो. कणकवलीच्या बाजूला चालू चार्जर मिळाला. फोंडा घाट चढताना आकडा ऐंशीवरून अडुसष्टावर आला; कुंभार्लीने तीन दिले होते, फोंड्याने बारा घेतले. कोल्हापूर, कराड करीत घरी आलो.

एकूण साडेनऊशे किलोमीटरांना विजेचे दोन हजार तीनशे रुपये पडले. पेट्रोलला सहा हजार लागले असते. परंतु रात्रीची चार्जिंग सोडून निव्वळ वाट पाहण्यात आमचे पाच तास गेले, आणि एक संध्याकाळ काळजीत गेली, तीही खर्चात धरावी. मला लोक विचारतात, गाडी घ्यावी का? ज्याचे रोजचे फिरणे ठरलेले आहे, घरी स्वतःचा प्लग आहे आणि गाडी रात्री अंगणात उभी राहते, त्याने अवश्य विचार करावा. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची हमी देतात. ज्याला केव्हाही, कोठेही, अर्ध्या तासाच्या सूचनेवर चारशे किलोमीटर जावे लागते, त्याने अजून थांबावे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली ती डिझेलवर. सगळ्या मार्गावर वीज यावयास २०२२ साल उजाडले. रस्त्याला त्याहून कमी वेळ लागेल असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही.

घरी आल्यावर भाच्याने पहिले काम केले ते अंगणात अर्थिंगचा खड्डा नव्याने खणण्याचे. कोळसा आणि मीठ भरून पट्टी पुरली, वायरमनकडून तपासून घेतली. आक्का सकाळी तुळशीला पाणी घालते, तेव्हा तांब्यात थोडे राखून त्या खड्ड्यावर ओतते. परवा शेजारीण विचारीत होती, हे कोणत्या देवाचे? आक्काने तिला आधी पोफळीची पिपे सांगितली, मग जांभ्याचा कातळ, आणि अर्ध्या तासाने विषय समुद्रावर आला.